स्कूटरमागे ओढायचा छोटा ट्रेलर: सड्यावरून आंब्याचे क्रेट खाली आणण्यासाठी

सड्यावरची_कलमे

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यातली हापूसची बाग आहे. कलमं सड्याच्या (वरच्या कातळी पठाराच्या) कडेला, घर आणि पॅकिंगची पडवी खाली. मधे साधारण ६०० मीटर सपाट कातळ आणि मग २०० मीटरची घाटी. वाट पूर्ण आपल्याच हद्दीत, दोन्ही बाजूंना गडगे (दगडी कुंपणं), रुंदी कुठेही दीड मीटरपेक्षा कमी नाही. पिकअप वर जात नाही. सध्या क्रेट डोक्यावरून येतात आणि सीझनला माणसं मिळत नाहीत.

११० सीसीची बिनगिअरची स्कूटर आहे. तिच्यामागे दोन चाकांचा ट्रेलर घरीच बनवायचा विचार आहे. क्रेट बाहेरून ५४० × ३६० मिमी, भरलेला साधारण २० किलो. एका वेळी आठ क्रेट यावेत अशी इच्छा. ट्यूब कुठली घ्यावी, चाकं कुठली, आणि स्कूटरला जोडायचं नेमकं कुठे?

लोखंडकाम

ट्यूब आणि चाकं नंतर बघू. आधी दोन गोष्टी सांगा. भरलेला ट्रेलर घाटी चढणार की उतरणार? आणि घाटीचा चढ नक्की किती?

वाडीतलो

घाटी मोजूची कशी? नुसत्या डोळ्यांनी अंदाज खोटो ठरता.

लोखंडकाम

बरोबर, डोळ्याला चढ नेहमी कमी-जास्त दिसतो. एक मीटर लांबीची सरळ पट्टी घ्या, वर गवंड्याची पाणसळ ठेवा. वरचं टोक जमिनीला टेकवून पट्टी सपाट धरा आणि खालच्या टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर टेपने मोजा. १० सेंमी आलं तर १०ला १, साडेबारा आलं तर ८ला १. घाटीत दर वीस-पंचवीस पावलांवर मोजा. सरासरी काढू नका, सगळ्यात वाईट आकडा धरा. ट्रेलर सरासरीवर घसरत नाही, त्या एका टप्प्यावर घसरतो.

सड्यावरची_कलमे

मोजलं. भरलेला ट्रेलर उतरणार, रिकामा चढणार. सर्वांत जास्त उतार ८ला १, वळणापाशी. बाकी घाटी १२ला १च्या आसपास.

लोखंडकाम

मग आठ क्रेट विसरा. १६० किलो माल आणि ट्रेलरचं स्वतःचं चाळीसेक किलो म्हणजे २०० किलो. स्कूटर साधारण १०६ किलो आणि चालवणारा ६५, मिळून १७१. म्हणजे मागचा डबा पुढच्या गाडीपेक्षा जड. इंजिन सपाटीवर ते ओढेलही, पण थांबवणार कोण? ट्रेलरला ब्रेक नाही, सगळं वजन स्कूटरच्या दोन चाकांनी थांबवायचं.

ब्रेक तेवढाच आणि वजन वाढलं की थांबायचं अंतर त्याच प्रमाणात वाढतं. चार क्रेट घेतले तर ८० किलो माल आणि ४३चा ट्रेलर मिळून १२३; एकूण (१७१ + १२३) ÷ १७१ = १.७२, म्हणजे पावणेदोन पट अंतर. दोन क्रेटला दीड पट. आठ क्रेटला सव्वादोन पटीच्या जवळ, तेही सपाटीवर. उतारावर वजनाचा एक हिस्सा सतत पुढे ढकलत असतो, त्यामुळे तिथे याहून वाईट.

बिनब्रेकच्या ट्रेलरसाठी मी धरतो ती मर्यादा अशी: घाटीत ट्रेलर मालासकट स्कूटर अधिक चालक यांच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. तुमच्या बाबतीत ८५ किलो. ट्रेलर ४३चा झाला तर माल ४२, म्हणजे दोन क्रेट. सपाट सड्यावर १५ किमीच्या वेगाने चार चालतील.

घाटीखाली

यात बिनगिअरच्या स्कूटरचा एक गुण जोडायला हवा, कारण उतारावर माणूस तिथेच फसतो. या स्कूटरमध्ये क्लच इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. वेग कमी झाला, फेऱ्या पडल्या की क्लचचे शू आत येतात आणि इंजिन चाकापासून सुटतं. मोटरसायकलवर पहिला गिअर टाकून इंजिन जसं गाडीला मागे खेचून धरतं, तसं इथे हळू वेगात काहीच धरत नाही. घाटीत तुम्ही मुद्दाम हळू जाल, आणि नेमकं तेव्हाच गाडी मोकळी सुटेल. मग फक्त ड्रम.

लहान ड्रम सतत दाबून ठेवले की तापतात आणि पकड कमी होते. २०० मीटरच्या घाटीला एकदा चालेल. पण लागोपाठ खेपा मारताना खाली आल्यावर ड्रम गार होऊ द्या. हाताने चाचपू नका, भाजतं. पाण्याचे दोन थेंब टाकून बघा, चुरचुरले तर थांबा.

एप्रिल २०१९नंतरच्या १२५ सीसीपर्यंतच्या स्कूटरला डावा ब्रेक दाबला की पुढचाही लागतो. इथे त्याचा फायदाच आहे. पण वळणावर पातळ रेव असेल तर पुढचं चाक सरकू शकतं, म्हणून वळणाच्या आधी ब्रेक, वळणात नाही.

सड्यावरची_कलमे

समजलं. मग सड्यावर चार आणि घाटीच्या तोंडाशी दोन उतरवून ठेवायचे, दोन खेपांत खाली. तरी डोक्यावरून आणण्यापेक्षा बरंच. आता सांगाडा?

लोखंडकाम

चार क्रेटसाठी पाया १०८० × ७२० मिमी लागतो. आतून ११०० × ७४० ठेवा, क्रेट सैल बसले पाहिजेत पण नाचता कामा नये.

चौकट २५ × २५ × २ मिमी चौकोनी ट्यूबची. दोन उभ्या ११००च्या, दोन आडव्या ७४०च्या आणि मधे आणखी दोन आडव्या. एकूण ५.२ मीटर, वजन साडेसात किलो. मधून आरपार जाणारी दांडी ४० × ४० × २ची, जोडापासून पायाच्या मागच्या कडेपर्यंत १७५० मिमी, सव्वाचार किलो. पायाच्या पुढच्या दोन कोपऱ्यांपासून दांडीपर्यंत तिरके आधार, तेही २५ × २५चेच. हे तिरके आधार कुणीही गाळू नका. ते नसले तर दांडी पायाला जिथे मिळते तिथेच काही दिवसांत चीर पडते, कारण प्रत्येक वळणाचा पिळ त्या एका वेल्डवर येतो.

जोडापासून आसापर्यंत १३०० मिमी. पायाची पुढची कड जोडापासून ६५० वर, मागची १७५० वर. म्हणजे पायाचा मध्य आसाच्या १०० मिमी पुढे पडतो. हे १०० मुद्दाम आहेत.

पोफळी

दांडी आखूड केली तर वाटेच्या वळणावर बरं पडणार नाही का? १३०० बरंच वाटतं.

लोखंडकाम

आखूड दांडीचा ट्रेलर वळताना आतल्या बाजूला कमी कापतो, हे खरं. पण सरळ चालताना तो चंचल होतो आणि मागे घेताना क्षणात आडवा पडतो. दीड मीटरच्या वाटेला १३०० पुरेसं आहे. तीव्र वळणावर थोडं बाहेरून घ्या.

दांडीवरच्या वजनाचं गणित आता करून टाकतो, कारण ट्रेलर शेपूट हलवतो की नाही ते यावरच ठरतं. एकूण वजन १२३ किलो, वजनाचा मध्य आसाच्या १०० मिमी पुढे, जोड १३०० वर. १२३ × १०० ÷ १३०० = साधारण साडेनऊ किलो स्कूटरच्या शेपटीवर. एकूण वजनाच्या ७-८ टक्के. छान.

आता दोन क्रेट ठेवताना काय होतं बघा. दोन्ही मागच्या अर्ध्या भागात ठेवले तर त्यांचा मध्य आसाच्या १७५ मिमी मागे जातो. ४० × १७५ ÷ १३०० = ५.४ किलो उचल. रिकामा ट्रेलर स्वतः जोडावर दोन-तीन किलोच देतो. म्हणजे दांडी स्कूटरचं मागचं चाक वर उचलायला लागते, आणि तेही उतारावर, जिथे मागच्या चाकाला आधीच वजन कमी असतं. दोन्ही पुढे ठेवले तर १४ किलो येतात, चालण्यासारखं आहे. सर्वांत बरं म्हणजे दोन्ही शेजारी-शेजारी, पायाच्या बरोबर मधे. त्यासाठी पायावर रंगाने दोन रेघा मारून ठेवा, म्हणजे बागेत कुणीही भरलं तरी जागा चुकत नाही.

शेवटी काटा खोटं बोलत नाही. घरातला वजनकाटा विटांवर ठेवून जोड त्याच उंचीला त्यावर टेकवा आणि वाचा.

चाक_आणि_आस

चाकांवर लिहितो. भंगारात तीन प्रकारची चाकं सहज मिळतात: मोपेडची १६ इंची, जुन्या चेतकची ३.५०-१०ची आणि रिक्षाची ४.००-८ची.

मोपेडचं चाक मोठं, हलकं, खाचखळग्यात उत्तम. पण ते दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरायला बनलेलं आहे. त्याचा बारीक आस एका बाजूने बाहेर काढून ट्रेलरला लावला की वाकतो. हिशोब करून बघा. एका चाकावर ५० किलो, खड्ड्यात त्याच्या तिप्पट धक्का, चाकाचा मध्य आधारापासून ६० मिमी बाहेर. १२ मिमीच्या आसावर ५०० न्यूटन प्रति चौरस मिमीच्या वर ताण येतो, साधं लोखंड २५०ला वाकतं. तोच आस २० मिमीचा केला तर ताण ११५च्या आत. व्यास पावणेदोन पटीच्या आत वाढतो, पण ताकद व्यासाच्या घनाने वाढते.

म्हणून १६ इंची लावायचं तर चाकाच्या बाहेरूनही एक उभी पट्टी घालून दोन्हीकडून आधार द्यावा लागेल. मग ट्रेलरची रुंदी वाढते आणि बाहेरची पट्टी गडग्याला घासते.

वाडीतलो

पण सड्यार बारीक चाक चलाचा नाय. कातळाच्या खाचेत अडाकता.

चाक_आणि_आस

रिक्षाच्या ८ इंचीबद्दल अगदी बरोबर. ते चाक कातळाच्या फटीत उतरतं आणि दांडीला मागे झटका देतं. ३.५०-१० हा मधला मार्ग. टायर पकडून बाहेरचा व्यास रिक्षाच्या चाकाइतकाच किंवा थोडा मोठा, पण चार-पाच इंचांपेक्षा रुंद फट असेल तिथे कुठलंच छोटं चाक चालणार नाही. ट्रेलर सुधारण्यापेक्षा वाट सुधारा. चिरेखाणीतला चुरा आणि लाल माती घालून त्या फटी एकदा बुजवल्या की सीझनभर पुरतं.

हवा कमी ठेवा. माणूस बसवून जी हवा लागते ती इथे नको. १५ ते १८ पीएसआय पुरे, टायरच स्प्रिंगचं काम करतो. त्याहून कमी केली तर ट्यूब रिममध्ये सरकते आणि व्हॉल्व्ह मुळाशी फाटतो.

हब लेथवर बनवून घ्या. दोन ६२०४-२आरएस बेअरिंगं (२० × ४७ × १४), दोन्हींमध्ये ५० मिमी अंतर, बाहेर रिमच्या भोकांशी जुळणारी फ्लँज. २आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील, पत्र्याचं झाकण असलेलं घेऊ नका. आणि दोन बेअरिंगांच्या आतल्या कड्यांमध्ये ५० मिमीचा नळीचा तुकडा अगदी मापात बसवा. तो नसला तर बाहेरचं नट आवळताना आतल्या कड्या एकमेकींकडे दाबल्या जातात. बेअरिंग पहिल्याच आठवड्यात गरम होतं, मग घरघरतं, मग जातं. लोक बेअरिंगला दोष देतात, पण चूक त्या न घातलेल्या नळीची असते.

आस म्हणजे २० मिमी ईएन८चा (मध्यम कार्बनच्या पोलादाचा) एकच आरपार गज, १०२० मिमी. तो ४० × ४०च्या ७८० मिमी लांब ट्यूबमधून जाऊ द्या. ट्यूबच्या दोन्ही टोकांना ६ मिमीच्या प्लेटी, त्यांना २०चं घट्ट भोक. गजाला वेल्ड करू नका. ईएन८मध्ये कार्बन जास्त असतो, वेल्डशेजारी तो कडक आणि ठिसूळ होतो, आणि नेमका टोकाच्या प्लेटीपाशीच सगळ्यात जास्त ताण असतो. ट्यूबच्या मध्यावर एक ८ मिमीचा बोल्ट आडवा, गजातून आरपार घाला. गज सरकतही नाही, फिरतही नाही. बोल्ट उभा घातला तर भोक ताणाच्या जागी येतं, म्हणून आडवाच.

आरपार गजाचा आणखी एक फायदा म्हणजे दोन्ही चाकं आपोआप एका रेषेत येतात. वेगवेगळे दोन तुकडे लावले की एक चाक थोडं वाकडं बसतंच आणि टायर एका बाजूने खरवडला जातो. तरीही शेवटचं वेल्ड करण्याआधी जोडाच्या टोकापासून दोन्ही चाकांच्या मध्यापर्यंतचं अंतर दोरीने मोजा. ३ मिमीपेक्षा जास्त फरक नको.

घाटीखाली

आता जोड. याच जागी सगळ्यात जास्त चुका होतात. स्कूटर वळताना कलते, ट्रेलर कलत नाही. त्यामुळे जोडाला तीन हालचाली हव्यात: डावी-उजवी, वर-खाली, आणि दांडीच्या रेषेभोवती फिरणारी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसारखी नुसती उभी पिन घातली तर तिसरी हालचाल नाही. स्कूटर वळायला कलली की ट्रेलर तिला सरळ उभी करायला बघतो.

पोफळी

ओम्नीच्या शाफ्टचा क्रॉस जॉइंट भंगारात मिळतो. तो वापरला तर?

घाटीखाली

मजबूत आहे, पण त्याला वळायची मर्यादा आहे. तीसेक अंशांपलीकडे काटे एकमेकांना अडतात. घाटीच्या वळणावर किंवा अंगणात मागे वळवताना तुम्ही त्याच्या पलीकडे जाताच. मग काहीतरी वाकतं, आणि सहसा ते स्कूटरचं असतं. ट्रॅक्टरच्या टॉपलिंकच्या बॉलचंही तसंच, कलायला जागा फार थोडी.

घरी करण्यासारखी सोपी रचना अशी. दांडीच्या पुढच्या टोकात २० मिमीचा गज, त्यावर गनमेटल किंवा नायलॉनचं बुश, पुढे खाचेचा नट आणि स्प्लिट पिन. दांडीचं पुढचं टोक स्वतःभोवती पूर्ण फिरलं पाहिजे, कारण स्कूटर आडवी पडली तर ट्रेलर तिच्याबरोबर पालथा होऊ नये. त्याच्या पुढे ६ मिमी पट्टीचा यू आकाराचा काटा, त्यात १२ मिमीचा आडवा बोल्ट वर-खाली हालचालीसाठी. आणि स्कूटरकडच्या ब्रॅकेटमध्ये १६ मिमीची उभी पिन, वळण्यासाठी आणि सोडण्यासाठी. पिनला खाली आर-पिन लावा, सुतळी किंवा तार नको.

सोबत ६ मिमीची साखळी, ब्रॅकेटच्या वेगळ्या भोकातून. वळायला पुरेल एवढी ढिली, पण जमिनीला न घासणारी. पिन निसटली तर दांडी कातळात रुतता कामा नये.

लोखंडकाम

स्कूटरकडची बाजू मी लिहितो. बहुतेक बिनगिअरच्या स्कूटरमध्ये इंजिन आणि मागचं चाक एकत्र वर-खाली हलतं, आणि चाकाला एकाच बाजूने आधार असतो. म्हणून जोड चाकाच्या नटाला नको, इंजिनालाही नको. सायलेन्सरच्या बोल्टाला तर मुळीच नको. मोपेडला चाक दोन्ही बाजूंनी धरलेलं असतं, तिथे आसाला दोन्हीकडून चिमटा लावता येतो. घरात मोपेड असेल तर या कामाला तीच घ्या.

स्कूटरवर जागा एकच, सीटखालच्या फ्रेमच्या मागच्या दोन पाइपा, जिथे मागचा धरायचा दांडा बोल्टने बसतो. तो दांडा काढा आणि ५ मिमीची प्लेट थेट फ्रेमच्या जागेवर बसवा. मूळ मापाचेच, पण ८.८ दर्जाचे आणि प्लेटच्या जाडीला पुरतील एवढे लांब बोल्ट. प्लेटपासून दोन पाय खाली, त्यांच्या टोकाला जोड.

जोड जितका खाली तितकं बरं, कारण ब्रेक मारताना ट्रेलर वरून ढकलतो तेव्हा मागचं चाक हलकं होतं. पण पाय जितके लांब तितका बोल्टांवरचा पिळ जास्त. धक्क्यासकट ५० किलोचा ओढा, जोड बोल्टांच्या २०० मिमी खाली, बोल्टांच्या जोड्यांमध्ये १०० मिमी अंतर असेल तर प्रत्येक जोडीवर १०० किलो येतात. हे चालतं. पाय ४०० केले की २०० किलो, आणि फ्रेमच्या पातळ पाइपा पिळायला लागतात. २००च्या आसपास थांबा. मागचं चाक पूर्ण वर आलं तरी पायांना लागत नाही ना, हे दोन माणसं मागे बसवून तपासा.

स्कूटरवर वेल्डिंग करू नका. बऱ्याच गाड्यांची पेट्रोलची टाकी त्याच भागात असते. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची. शिवाय बीएस६ गाडीत वेल्डिंगचा करंट इलेक्ट्रॉनिक्सला मारतो. ब्रॅकेट बाहेर बनवा, बोल्टने लावा.

पोफळी

आंब्याला धक्के बसून साका (गरातला पांढरट, स्पंजासारखा खराब भाग) होईल का? घरात हीच भीती आहे.

सड्यावरची_कलमे

हो, हा प्रश्न माझाही आहे.

बागायत_दापोली

धक्क्याने साका होत नाही. साका झाडावरच, फळ पक्व होताना आतून तयार होतो. उष्णतेशी आणि आतली कोय अकाली रुजू लागण्याशी त्याचा संबंध आहे, वाहतुकीशी नाही. धक्क्याने वेगळं नुकसान होतं. देठ मोडतो, चीक फळावर ओघळतो आणि साल करपते. आणि फळ फळावर आपटून आत मार बसतो, तो काढणीच्या दिवशी दिसत नाही, अढीत पिकल्यावर काळा डाग होऊन वर येतो.

त्यामुळे नूतन झेल्याने (काठीला लावलेल्या, पातं असलेल्या जाळीने) देठासकट काढलेला आंबा ट्रेलरमध्ये सोडताना देठ ४-५ सेंमी ठेवा, पॅकिंगच्या वेळी कापा. क्रेटच्या तळाला आणि मधल्या थरात भाताचा पेंढा. पायावर क्रेटखाली जुन्या टायरट्यूबच्या पट्ट्या पसरा. क्रेट एकावर एक ठेवायचे असतील तर वरच्या क्रेटचा तळ खालच्या फळांना टेकत नाही ना बघा, पण माझ्या मते इथे एकच थर ठेवावा, उंची वाढली की वळणावर कलंडायची भीतीही वाढते.

पाया पत्र्याचा करू नका. दुपारी तापतो, आणि तापलेल्या तळावर फळ ठेवणं बरं नाही. पोफळीच्या चिरलेल्या पट्ट्या बोटभर अंतराने बोल्टने बसवा. हलक्या, स्वस्त, हवा खेळते, तुटली तर एक पट्टी बदला.

खारं_वारं

गंजाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. समुद्रापासून पाच-सात किलोमीटरच्या आत चौकोनी ट्यूब बाहेरून नाही, आतून कुजते. रंग बाहेर असतो आणि ट्यूब आतून पत्रावळीसारखी पातळ होते. प्रत्येक ट्यूबचं तोंड पत्र्याने पूर्ण वेल्ड करून बंद करा, किंवा सर्वांत खालच्या जागी ६ मिमीचं भोक ठेवा. अर्धवट बंद सगळ्यात वाईट, पाणी आत शिरतं आणि बाहेर येत नाही.

रेड ऑक्साइडचा एक हात म्हणजे काहीच नाही, त्यातून ओल आत जाते. तारेच्या ब्रशने गंज काढा, मग गोड्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवा. हे धुणं लोक टाळतात. रंगाखाली मिठाचा कण राहिला की तिथे फुगा येतो. मग इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, त्यावर पीयू (पॉलियुरेथेन) रंग. संध्याकाळी रंगवू नका, दव पडतं.

जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप घेऊन वेल्ड करायचा मोह होईल. जस्ताच्या धुराने थंडी वाजून ताप येतो, आणि वेल्डच्या जागचं जस्त जळून तिथेच गंज सुरू होतो. साधी काळी ट्यूब आणि चांगला रंग बरा.

याच ट्रेलरवर कुणी मासळीचे थर्माकोलचे खोके नेणार असेल तर बर्फाचं खारं पाणी आसावर आणि हबवर गळू देऊ नका. पायाखाली ताडपत्रीचा उतार करून पाणी मागच्या कडेला काढा.

लोखंडकाम

वेल्डिंग: २ मिमीच्या ट्यूबला १२ नंबरचा, म्हणजे अडीच मिमीचा ६०१३ रॉड, ६० ते ८० अँपिअर. १० नंबरचा रॉड ट्यूबला भोक पाडतो. आपल्याकडच्या हवेत उघड्या पाकिटातले रॉड ओल धरतात, मग वेल्डमध्ये बारीक भोकं राहतात. वापरण्याआधी शंभरेक अंशांवर तासभर तापवा, निदान कडक उन्हात वाळवा. आधी सगळीकडे टाके, मग दोन्ही कर्ण मोजा, ३ मिमीच्या आत जुळले की समोरासमोरच्या कोपऱ्यांनी आळीपाळीने पूर्ण वेल्ड. एकाच बाजूने ओढत गेलात तर चौकट त्या बाजूला खेचली जाते.

घाटीखाली

रिकामा ट्रेलर वर नेताना: ४३ किलो स्कूटरला जड नाही, पण तीव्र टप्प्यावर वेग दहाच्या खाली आला की क्लच घसरत राहतो, तापतो आणि जळका वास येतो. त्या टप्प्याला थोडा वेग घेऊनच चढा, मधे थांबून पुन्हा सुरू करू नका. भरलेला माल वर न्यायचा असता तर बिनगिअरची स्कूटर या कामाला घेऊच नका म्हटलं असतं.

थांबताना चाकाखाली उटी. दांडीला दोरीने बांधलेली लाकडी पाचर कायम लटकती ठेवा, शोधत बसावं लागलं की कुणी लावत नाही.

पोफळी

हा ट्रेलर डांबरी रस्त्यावर, बाजारापर्यंत नेता येईल का?

बागायत_दापोली

नाही. मोटार वाहन कायदा १९८८च्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे आणि कलम ३९प्रमाणे नोंदणीशिवाय चालवता येत नाही. गाडीत बदल करण्यावर कलम ५२ आहे. शिवाय अपघात झाला तर विम्याचा प्रश्न उभा राहतो, आणि समोरच्या माणसाचं नुकसान कोण भरणार? ज्यांना रस्त्यावर न्यायचाच आहे त्यांनी लोखंड विकत घेण्याआधी आरटीओत लेखी विचारावं. बागेची वाट मधेच सार्वजनिक रस्ता ओलांडत असेल तर ट्रेलर सोडून हाताने ओढून न्यावा. त्यासाठी दांडीच्या टोकाजवळ आडवी मूठ बसवता येते. ४३ किलो रिकामा एक माणूस सहज ओढतो.

सड्यावरची_कलमे

मूठ बसवतो, ही छान सूचना. आपल्या हद्दीबाहेर न्यायचा विचार नाही. उद्या ट्यूब आणायला कणकवलीला जातोय. २५ × २५ची सहा मीटरची एक लांबी पुरेल का?

लोखंडकाम

नाही पुरत. चौकटीला ५.२ आणि तिरक्या आधारांना १.१, मिळून ६.३ मीटर, शिवाय कापण्यात जातं ते वेगळं. पण दुसरी लांबी घेऊ नका. ४० × ४०ची एक लांबी तुम्हाला दांडी आणि आसाच्या ट्यूबसाठी लागणारच आहे, त्यात अडीच मीटरच जातात. उरलेल्या साडेतीन मीटरमधून तिरके आधार काढा, पाऊण किलोने... नाही, एक किलोने वजन वाढेल, चालेल. उरलेला तुकडा पायाखाली उभा करायला टेकू म्हणून ठेवा, ट्रेलर सोडल्यावर दांडी जमिनीवर आपटत नाही.

कडेला कठडा ट्यूबचा नको, वजन वाढतं. २५ × ३ची पट्टी चारही बाजूंनी ५० मिमी वर उभी राहील अशी लावा, पावणेचार मीटर, सव्वादोन किलो. क्रेट सरकत नाहीत आणि वरून दोरी बांधायला चार कोपऱ्यांत कड्या. दुकानात ट्यूब घेताना भिंतीची जाडी स्वतः व्हर्नियरने मोजा. २ मिमी म्हणून १.६ची मिळणं नेहमीचं आहे. ६ मीटरच्या लांबीचं वजन साडेआठ किलोच्या जवळ आलं पाहिजे. सातच्या आसपास आलं तर ती १.६ आहे.

आणि पहिली भरलेली खेप सड्यावरच मारा, घाटीत नाही. परत आल्यावर ब्रॅकेटचे बोल्ट, हबचे नट आणि आसाचा आडवा बोल्ट पुन्हा आवळा. नवा रंग दबतो आणि सगळे थोडे ढिले होतात.